फक्की

मध्यंतरालाच पाच–शून्य.
लिंबाच्या फोडी संपल्या तरी आमची पोरं
सालं चघळत बसून राहिली,
मैदानाकडे पाठ करून.

मुनियांडी म्हणाला, हा सामना नाही, ही वसुली आहे.
बोपोडीवाले यायचे, घ्यायचे, जायचे,
आणि आमचा ऑस्विन बॅकला असा उभा,
जसं काही दार उघडून म्हणतोय
या, बसा, चहा घेणार की सरबत?

आता संध्याकाळ.
घोरपडीचं फाटक पडलंय, मालगाडी संपता संपत नाही,
चहाच्या गाडीपाशी आम्ही नऊजण अडकलेले
आणि विषय एकच.

धनाजी वायदंडे सगळ्यात मोठ्यानं बोलतो.
धनाजी तिसऱ्या गोललाच उठून गेला होता,
सिलिंडर आणायचाय म्हणून.
पुढचं काहीच पाहिलेलं नाही
म्हणून त्याला सगळं स्वच्छ दिसतं.
"पाच झाल्यावर ते चालायला लागले रे, धावतंय कोण?
याला कमबॅक नाही म्हणत,
पंगत उठल्यावर उरलेलं वाढतात, तसं ते."

बस्त्यावमामा पेटतात.
मामांच्या उजव्या गुडघ्यात
अजून एक जुनी सेमीफायनल दुखते.
"अठ्ठ्याहत्तरावं मिनिट! त्या सतरा वर्षांच्या पोरानं
आधी कॉर्नरचा झेंडा सरळ केला, मग किक घेतली.
पाच खाल्लेला माणूस झेंडा सरळ करतो होय?
तिथं फिरली मॅच. तिथं!"

तो पहिला.
दुसरा गोलीच्या ढोपराखालून.
तिसरा सेल्फ गोल, पण नझीर म्हणतो
सेल्फ गोलसुद्धा कुणीतरी घाबरवल्याशिवाय होत नाही.
चौथ्याला एकोणनव्वद झाली होती;
घरी निघालेली माणसं
सायकलवरून एक पाय खाली टेकून तशीच थांबली,
भाजीच्या पिशव्या हँडलला हेलकावत.

आणि मग ते.
ऑस्विन, तोच दारवाला ऑस्विन,
आपली जागा सोडून इकडून तिकडे पळत आला
आणि त्यानं डोकं घातलं.
चेंडू बारला लागला, सरळ खाली पडला,
धूळ उडाली, गोलीनं कवटाळला.
रेफरीनं दोन्ही हात हलवले. शिट्टी.
पाच–चार.

"आत होता."
"रेषेवर होता."
"अर्धा आत होता."
"अर्धा आत म्हणजे बाहेर, नियम वाच."
"नियम तू वाच, मी डोळ्यांनी पाहिलंय."
"चष्मा कुठे होता तुझा?"

मग सगळे माझ्याकडे वळतात.
तू सांग. रेष तुझी.

रेष माझी, खरंय.
पहाटे दोरी ताणून, खिळ्यानं भोकं पाडलेला डबा हलवत
मीच मारली होती.
मंडळानं फक्कीची दोन पोती दिली, एक ओलं निघालं.
डाव्या खांबापासून सुरुवात केली तेव्हा जाड, दुधासारखी,
उजव्या खांबाशी येईतो
डबा आपटून आपटून शेवटचे दोन हात ओढले.
म्हटलं, या टोकाला कोण बघतंय.

चेंडू त्याच टोकाला पडला.
तिथं मातीच होती. आणि बुटांचे ठसे.

नखांत अजून पांढरं होतं.
मी ग्लास दुसऱ्या हातात घेतला
आणि म्हणालो, मी पाणी प्यायला गेलो होतो.

"बघा!" धनाजी म्हणाला,
का, ते त्यालाही ठाऊक नसावं.

गाडीचा शेवटचा डबा गेला. फाटक वर झालं.
मागे रिक्षा हॉर्न देऊ लागल्या, पण
आमच्यातलं कुणी हललं नाही.
थोड्या वेळानं धनाजीच, खालच्या आवाजात:
"तो चौथा… कुठून आला होता रे? नीट सांग की."

मामांनी बाकावर चार रिकामे ग्लास मांडले.
हा ऑस्विन, हा झेंडेवाला,
हे दोन खांब.

मी काडेपेटी उघडली
आणि एका ग्लासापासून दुसऱ्यापर्यंत
काडीला काडी लावत गेलो,
मध्ये कुठे फट राहू नये म्हणून
दोनदा मोडून पुन्हा.